घर गहाण ठेवण्याआधी कॅसाव्हेटिसचा जमाखर्च बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही डिचोली तालुक्यात राहता, औषध कंपनीत पाळ्यांची नोकरी करता आणि लहानपणापासून जत्रेच्या नाटकांत कामं करत आला आहात. आता नाटकातल्याच मित्रांना घेऊन, स्वतःच्या जुन्या घरात, मराठीत पूर्ण लांबीचा चित्रपट करायचा आहे. अमेरिकन नट-दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिसबद्दल वाचून तुम्ही पेटला आहात: त्यानं हॉलिवूडला लाथ मारली, घर गहाण टाकलं, संहितेशिवाय चित्रपट केले आणि अमेरिकेतल्या स्वतंत्र सिनेमाचा आद्यपुरुष ठरला. मग आपणही नोकरी सोडावी का, घरावर कर्ज काढावं का, आणि संहिता न लिहिता थेट कॅमेरा लावला तर चालेल का? आणि शेवटी, त्याचे चित्रपट कुठल्या क्रमानं बघावेत?

मी संकलक आहे, फोंड्याला राहते. पोट भरतं ते बाहेरून गोव्यात शूटिंगला येणाऱ्या युनिटांची सोय लावण्यावर. आवडीचं संकलन त्या पैशावर चालतं. एक-दोन वर्षांआड कोणीतरी तरुण हार्ड डिस्क घेऊन येतो, तिच्यात अर्धामुर्धा चित्रपट असतो. त्या डिस्का बघून मला वाटतं की तुमच्यासारख्यांची खरी अडचण पहिला चित्रपट सुरू करण्याची नसतेच. तो पुरा करायचा, आणि पुरा झाल्यावर दुसरा करण्याइतकी माणसं, पैसा आणि घरातली शांतता शिल्लक ठेवायची, ही ती अडचण. कॅसाव्हेटिसकडे मी त्याच नजरेनं बघते. त्याच्या दंतकथेतलं घर सगळ्यांना पाठ असतं, पगार कोणालाच आठवत नाही.

तो मुळात नट होता. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ग्रीक स्थलांतरितांच्या घरात जन्म, नाट्यशिक्षण, मग टीव्हीवर भरपूर कामं. त्याचा पहिला चित्रपट 'शॅडोज' निघाला तो त्यानं चालवलेल्या अभिनयाच्या वर्गातून. जीन शेफर्ड नावाच्या निवेदकाच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात जाऊन तो म्हणाला की लोकांना खऱ्या माणसांचा सिनेमा हवा असेल तर त्यांनी पैसे पाठवावेत, आणि श्रोत्यांनी खरोखर सुटे डॉलर पाठवले. रक्कम २,००० डॉलरच्या आसपास होती. चित्रपटाला एकूण लागले सुमारे ४०,०००. मधली दरी त्यानं स्वतःच्या नटाच्या कमाईतून आणि उसनवारीतून भरली. आज लोकवर्गणीतून चित्रपट काढू म्हणणाऱ्यांना मी हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून दाखवते. वर्गणीनं हुरूप येतो, चार लोक आपले होतात. खर्च भागत नाही.

पुढे तो 'जॉनी स्टॅकाटो' या गुप्तहेरी टीव्ही मालिकेत नायक झाला. १९५९-६० चा काळ, 'शॅडोज'चं ओझं डोक्यावर होतंच. मग मोठ्या स्टुडिओंसाठी दोन चित्रपट दिग्दर्शित केले. दुसऱ्याच्या वेळी, 'अ चाइल्ड इज वेटिंग'च्या संकलनावरून निर्माता स्टॅनली क्रेमरशी भांडण झालं आणि त्याला बाजूला करण्यात आलं. लाथ मारल्याची गोष्ट इथून येते. पण त्यानंतर त्यानं हॉलिवूडचं काय सोडलं? दिग्दर्शन. नटाची कामं घेणं चालूच राहिलं. १९६७ च्या 'द डर्टी डझन'साठी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं, १९६८ च्या 'रोझमेरीज बेबी'त तो नायिकेचा नवरा आहे. हा पैसा कुठे जात होता ते त्या काळात त्याच्या गॅरेजमध्ये डोकावलं असतं तर दिसलं असतं. तिथे 'फेसेस'चं संकलन चाललं होतं.

'फेसेस'वर जरा थांबते, कारण तुमच्या उपयोगाचा चित्रपट हाच आहे. १९६५ मध्ये साधारण सहा महिने शूटिंग, सोळा मिलिमीटर फिल्मवर, कृष्णधवल. जागा दोन: त्याचं स्वतःचं घर आणि सासूबाईंचं घर. नट-तंत्रज्ञांना रोख पैसे जवळजवळ नाहीतच, कमाई झाली तर वाटा. मग संकलनाला तीन वर्षं. पहिला कट कित्येक तासांचा होता, शेवटी चित्रपट उरला दोन तास दहा मिनिटांचा. १९६८ मध्ये तो प्रदर्शित झाला आणि त्याला तीन ऑस्कर नामांकनं मिळाली: पटकथा, सहायक अभिनेता सिमूर कॅसल, सहायक अभिनेत्री लिन कार्लिन. ही लिन कार्लिन आधी दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनची सचिव होती, पडद्यावर कधी आलेली नव्हती.

संकलक म्हणून मला यातली तीन वर्षं सगळ्यात मोलाची वाटतात. स्टुडिओनं पैसे दिले असते तर तारीख लावली असती आणि तो दोन तासांचा चित्रपट कधी सापडलाच नसता. पण तीन वर्षं काढायची म्हणजे तीन वर्षं घरात भात शिजला पाहिजे. त्याच्याकडे तो अभिनयातून शिजत होता. तुमच्याकडे तो औषध कंपनीतून शिजतो. म्हणून नोकरी सोडू नका, असं माझं स्वच्छ मत आहे. पाळीची नोकरी तर उलट सोयीची: आठवड्यात मधलेच दिवस मोकळे मिळतात, तेव्हा गावही शांत असतं. सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवणं हे डोकेदुखीचं काम आहे, ते मान्य. पण त्या डोकेदुखीवर उपाय सापडतो. कर्जाच्या हप्त्यावर सापडत नाही.

हे अर्थात परिस्थितीवर आहे. तुम्ही एकटे असाल, दोन वर्षांचा खर्च बाजूला काढलेला असेल, नोकरीचा तसाही कंटाळा आला असेल, तर माझं उत्तर मवाळ होईल. तुम्ही घरात कोण कोण आहे ते लिहिलं नाही, त्यामुळे मी संसारी माणूस धरून चालते.

आता घर. 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'साठी त्यानं घर गहाण ठेवलं, ही गोष्ट खरी आहे. पण पूर्ण ऐका. कथा आधी नाटक म्हणून लिहिली होती, पत्नी जीना रोलंड्ससाठी. तिनंच सांगितलं की ही बाई रोज रात्री रंगमंचावर उभी करणं मला झेपणार नाही, म्हणून त्याचा चित्रपट झाला. म्हणजे ज्या घरावर कर्ज काढलं त्या घराची मालकीण त्या चित्रपटाची नायिका होती. आणि खर्च एकट्या घरावर नव्हता. पीटर फॉक, म्हणजे तेव्हाचा टीव्हीवरचा लाडका 'कोलंबो', यानं पाच लाख डॉलर घातले आणि नवऱ्याची भूमिकाही केली. कॅसाव्हेटिस त्या वेळी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये निवासी चित्रकर्मी होता, त्यामुळे युनिटमध्ये अनुभवी माणसांबरोबर तिथले विद्यार्थी होते. कॅसाव्हेटिस आणि जीना, दोघांच्याही आया चित्रपटात आहेत. एवढा टेकू असताना घेतलेली ती उडी होती.

तुमचं वडिलोपार्जित घर ही गोव्यात वेगळीच भानगड असते, ते तुम्हाला सांगायला नको. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कायदेशीर प्रक्रिया, झाली आहे का? काका-आत्यांचे हिस्से काढले आहेत का? नावावर अजून आजोबाच असतील तर बँक दारातूनच परत पाठवेल. सगळं स्वच्छ असलं तरी आपल्याकडच्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची सामाईक. बायकोच्या सहीशिवाय कर्ज होणार नाही, आणि माझ्या मते ते चांगलंच आहे. तिला चित्रपटाचं पहिलं वाचन ऐकवा. कॅसाव्हेटिसच्या घरी हे आपोआप घडत होतं, तुम्हाला मुद्दाम घडवावं लागेल.

पुढचं कोणी सांगत नाही म्हणून सांगते. 'वुमन' १९७४ मध्ये आला, चालला, जीनाला आणि त्याला दोघांनाही ऑस्कर नामांकन मिळालं. आलेला पैसा त्यानं पुढच्या दोन चित्रपटांत घातला. १९७६ चा 'द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी' थिएटरांतून लगेच उतरला. १९७७ चा 'ओपनिंग नाइट' त्याच्या हयातीत अमेरिकेत धड प्रदर्शितच झाला नाही, बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मात्र जीनाला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. त्यानंतर त्याला पुन्हा स्टुडिओकडे जावं लागलं. १९८० चा 'ग्लोरिया' ही विकण्यासाठी लिहिलेली पटकथा होती, चित्रपट कोलंबियाचा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला, दुसऱ्या एका चित्रपटाबरोबर विभागून. १९८४ चा 'लव्ह स्ट्रीम्स' कॅनन कंपनीच्या पैशावर, बराचसा स्वतःच्याच घरात चित्रित केला. बर्लिनला सुवर्ण अस्वल. त्याआधी 'मिनी अँड मॉस्कोविट्झ'लाही युनिव्हर्सलचा पैसा होता. थोडक्यात, तो कधी स्वतःच्या पैशावर, कधी मित्राच्या, कधी त्याच स्टुडिओंच्या पैशावर काम करत राहिला. माणसं मात्र तीच राहिली: जीना, फॉक, बेन गझारा, सिमूर कॅसल, कॅमेरा आणि निर्मिती सांभाळणारा अल रुबान. १९८९ मध्ये यकृताच्या विकारानं, वयाच्या ५९ व्या वर्षी तो गेला. दारू हे त्यामागचं कारण. रात्रभर पिऊन सकाळी प्रतिभा उतरते असं मानणारी पोरं इथेही भेटतात, म्हणून हे लिहून ठेवते.

संहितेचा प्रश्न. 'शॅडोज'च्या शेवटी पडद्यावर पाटी येते की तुम्ही पाहिलेला चित्रपट उत्स्फूर्त होता. त्या पाटीनं जगभर गैरसमज पसरवला आहे. १९५८ मध्ये दाखवलेली पहिली आवृत्ती बऱ्याच अंशी तशी होती. ती त्याला स्वतःलाच पटली नाही, म्हणून बरंचसं पुन्हा लिहून पुन्हा चित्रित केलं. समीक्षक जोनस मेकस यानं पहिल्या आवृत्तीला डोक्यावर घेतलं होतं, दुसरी बघून तो चिडला. आज आपण बघतो ती दुसरी. त्यानंतरचे चित्रपट लिहिलेले आहेत. 'फेसेस'ची संहिता दोनशेहून जास्त पानांची होती. मोकळीक होती ती वाक्य कसं म्हणायचं, कुठे उभं राहायचं, केव्हा उठून जायचं याची. त्यासाठी तो खोली सगळीकडून उजळून ठेवायचा, जमिनीवर खुणा करायचा नाही, नट जाईल तिकडे कॅमेरा जायचा. तुमच्या घराला राजांगण, म्हणजे मधलं उघडं अंगण, असेल तर दिवसा हे बऱ्यापैकी फुकट जमेल. आतल्या काळोख्या खोल्यांना दिवे लागतीलच.

तुमच्या बाबतीत संहिता लिहायला आणखी एक कारण आहे. तुम्ही आणि तुमचे मित्र घरात कोकणी बोलता, मराठी बोलता ती नाटकातली, पाठ केलेली. त्यांना सांगून बघा, हा प्रसंग आहे, मनानं बोला. दोन वाक्यं मराठीत येतील, तिसऱ्याला कोणीतरी रागावेल आणि कोकणी सुरू होईल. राग मराठीत अडवलात तर नट लगेच जत्रेच्या नाटकातला खलनायक होतो, मी हे संकलनाच्या टेबलावर पुष्कळदा बघितलं आहे. त्यामुळे आधी ठरवा. घरातलं बोलणं कोकणी, भजनाचं, नाटकाचं, शाळेचं मराठी, असा आपल्याकडचा खरा व्यवहार चित्रपटात ठेवलात तर नट सुटे होतील. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर भाषा कोणती लिहायची हा प्रश्न मग शेवटी बघता येईल. की अख्खा चित्रपट मराठीतच हवा? मग प्रत्येक वाक्य लिहा आणि ते त्या नटाच्या तोंडात बसेपर्यंत बदला. दोन्ही वाटा चालतात. न लिहिता मराठीत चालणार नाही.

आणि प्रॉम्प्टरला तालमीतही बसवू नका. जत्रेच्या नाटकात तो विंगेत असतो म्हणून नट अर्धा कान तिकडे ठेवून उभा असतो, आणि कॅमेऱ्याला तो कान दिसतो. शिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय मोडायला वेळ लागेल. माझा सल्ला: कोणाच्या तरी फोनवर तालमी चित्रित करा आणि नटांना दाखवा. बोलून जे समजत नाही ते बघून समजतं.

एक फायदा तुमच्याकडे आहे तो घ्या. 'वुमन' जवळपास कथेच्या क्रमानं चित्रित केला, कारण बहुतेक सगळं एका घरात घडतं. नट थकत गेले, चिडत गेले, ते पडद्यावर त्याच क्रमानं आलं. नवख्या नटांना याचा अनुभवी नटांपेक्षा जास्त उपयोग होतो. जागा बदलायच्या नसल्या की क्रम पाळायला पैसे लागत नाहीत. फक्त मधल्या दिवसांत कोणी केस कापले, दाढी काढली, तर पंचाईत. त्यासाठी एका मुलीला किंवा मुलाला वही देऊन बसवा, तेच काम.

पैसे खर्च करायचे तर ध्वनीवर करा. 'शॅडोज'च्या वेळी नटांनी ऐनवेळी काय म्हटलं याची नोंद नव्हती, ध्वनिमुद्रणही यथातथा. शेवटी ओठांच्या हालचाली वाचणारी माणसं आणून संवाद शोधावे लागले, असं कॅसाव्हेटिस स्वतः सांगत असे. तुम्हाला वाटेल पावसाळ्यात नाटकं नसतात, मित्र मोकळे असतात, तेव्हा शूटिंग करू. कौलांखाली आणि पत्र्याच्या पडवीत पाऊस सुरू झाला की एक संवाद वापरता येत नाही. जत्रांचा हंगाम सुरू झाला की नट मिळत नाहीत, आणि चवथीच्या आगेमागे गावात कोणी तुमचं ऐकणार नाही. चवथ झाल्यापासून पहिल्या जत्रेपर्यंतचे आठवडे आणि शिगमो उरकल्यापासून पाऊस पडेपर्यंतचे, एवढेच खरे तुमचे. उन्हाळ्यात पंखे बंद करावे लागतील, नट घामाघूम होतील. चालेल, कथा घरातलीच आहे.

मित्रांशी लेखी करार करा. 'फेसेस'मधल्या लोकांना वाटा कबूल केलेला होता आणि चित्रपटाची मालकी बाहेरच्या कोणाकडे नव्हती, म्हणून ते जमलं. स्टॅम्प पेपरवर साधं लिहा: कोणाचे किती पैसे, कोणाची किती मेहनत, उत्पन्न आलं तर आधी कोणाचं फेडायचं, चित्रपट कोणाच्या नावावर. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणारा मित्रच पुढे सगळ्यात जास्त दुखावला जातो.

प्रदर्शनाचं तुम्ही विचारलं नाही, पण गहाणाचा विचार करणाऱ्यानं परतफेडीचा आधी करावा. 'वुमन' घ्यायला वितरक तयार नव्हते, तेव्हा कॅसाव्हेटिसनं आपल्याच 'फेसेस इंटरनॅशनल'तर्फे तो लावला, थिएटरमालकांना फोन केले, कॉलेजांत खेळ केले. आपल्याकडे याचा वस्तुपाठ तियात्रवाले, म्हणजे गाण्यांसह कोकणी नाटकं करणारे, रोज देतात. सभागृह भाड्यानं घ्यायचं, तिकिटं स्वतः विकायची, गावोगाव फिरायचं, सरकारकडे न बघता. 'नाचुंया कुम्पासार' या बारड्रॉय बार्रेटो यांच्या कोकणी चित्रपटानंही नेहमीच्या वितरणापेक्षा सभागृहांतल्या खेळांवर भर दिला आणि तो पुष्कळ दिवस चालला. तुमच्या जवळ साखळीचं रवींद्र भवन आहे, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर, कुडचडे आणि मडगावची रवींद्र भवनं आहेत. तिकीट लावून जाहीर खेळ करायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतंच, त्याचा वेळ आणि खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकात धरा. सरकारी वित्तसाहाय्य आणि इफ्फी या गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातला गोव्याचा विभाग, दोन्हींचे नियम बदलत असतात. गोवा मनोरंजन संस्थेत जाऊन ताजी माहिती घ्या, पण मिळालंच असं धरून एक पैसाही खर्च करू नका.

एवढं सगळं धरून माझं उत्तर असं: नोकरी ठेवा, घर चित्रीकरणाची जागा म्हणून वापरा आणि तारण म्हणून नको, पूर्ण संहिता लिहा, आणि पैसा उभा करायचा तर तो बुडाला तरी संसार हलणार नाही एवढाच. मनाचा हिय्या करून आधी वीस मिनिटांचा एक प्रसंग त्याच घरात, त्याच माणसांबरोबर करून बघा. तो संकलित करताना कोण टिकतं आणि कोण फोन उचलायचं बंद करतं ते कळेल.

शेवटचा प्रश्न, त्याचे चित्रपट कुठून सुरू करावेत. 'शॅडोज'पासून नको, ऐतिहासिक महत्त्व मोठं, पण तुम्हाला वाटेल की एवढं तर आपणही करू, आणि तिथेच फसाल. आधी 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' बघा, घरात माणसं कशी हलवली आहेत त्यासाठी. मग 'ओपनिंग नाइट', कारण तो नाटकाच्या पडद्यामागचा आहे आणि नाटकवाल्याला त्यातली प्रत्येक चिडचिड ओळखीची वाटेल. 'फेसेस' तिसरा. 'हजबंड्स' अनेकांना प्रिय आहे, मला तो लांबलेला वाटतो. वेळ असेल तर बघा. 'चायनीज बुकी'चे दोन कट आहेत, १९७६ चा १३५ मिनिटांचा आणि त्यानं स्वतःच १९७८ मध्ये पुन्हा बांधलेला १०८ मिनिटांचा. दोन्ही मिळाले तर लागोपाठच्या दिवशी बघा, आधी लांबडा, आणि दुसऱ्यात काय काय गेलं ते लिहून काढा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या आठवड्यात हेच काम देते.